इलीचं वजन वाढत होतं

ती अजून आहे, हे आधीच सांगून टाकतो. मला स्वतःला असलं काही वाचायला घेतलं की शेवटचं पान आधी बघायची सवय आहे.

दुपारचे दोन वाजलेत. दुकानाचं शटर अर्धं खाली आहे, आणि इली माझ्या मांडीवर आहे. झोपलीय की नुसती पडलीय, हे मला सहा वर्षांत कधी नीट कळलेलं नाही. गिनीपिग बऱ्याचदा डोळे उघडे ठेवूनच झोपतो. माझं उलटं आहे, असं माझी बायको म्हणते. माझे डोळे मिटलेले असतात आणि मी जागा असतो. अणदूरच्या बाजारगल्लीत एक ते चार या वेळात कुणी फिरकत नाही. गुळाचा वास, पोत्यांचा वास, शटरखालून आत आलेली उन्हाची एक पट्टी, आणि मांडीवर किलोभर ऊब. आयुष्यातला निम्मा वेळ मी या तीन तासांत घालवला असावा असं मला वाटतं.

ज्यांच्या घरी असा म्हातारा जीव आहे आणि ज्यांच्या गावात त्याचा डॉक्टर नाही, त्यांच्यासाठी हे लिहितोय. औषधांची नावं सांगणार नाही. ती माझ्या लक्षातही नाहीत, आणि मी सांगितलेली कुणी देऊही नयेत.

घरात आली तेव्हा

गौरी, माझी एकुलती एक मुलगी, सोलापूरला फार्मसी शिकत होती. शेवटच्या वर्षाला सुट्टीत घरी आली ती बुटाच्या खोक्यात हे जनावर घेऊन. शिवलीला, म्हणजे माझी बायको, कर्नाटकातल्या आळंदकडची. कशाचं आश्चर्य वाटलं की तिच्या तोंडून कानडी बाहेर पडते. खोक्यात डोकावून ती म्हणाली, "इली तंदाळ नोडरी." उंदीर आणलाय बघा. तेव्हापासून नाव इलीच पडलं.

गौरीचं लग्न झालं, ती पुण्याला गेली. इली आमच्याकडं राहिली. शिवलीला तिला हात लावायची नाही, पण कोथिंबिरीच्या काड्या निवडताना बाजूला काढून ठेवायची. आणि मी रोज सकाळी दुकान उघडलं की पहिलं गिऱ्हाईक यायच्या आत इलीला दुकानाच्या काट्यावर ठेवून तिचं वजन बघायचो. आकडा भिंतीवरच्या कॅलेंडरात त्या तारखेच्या चौकोनात लिहायचो.

"काट्यावर जीव ठेवू नये," शिवलीला म्हणायची. "लक्ष्मी असती ती."

"उंदीर आला की मागं गणपतीबी येतो," मी म्हणायचो. "लक्ष्मीला सोबत हुईल."

चाळीस वर्षं मी काट्यावर विश्वास ठेवून जगलोय. डोळा चुकतो, हात चुकतो, काटा चुकत नाही, हे माझ्या वडिलांनी मला शिकवलं होतं. त्यांचं चूक नव्हतं. त्यांनी साखर, डाळ, शेंगदाणे यांच्याबद्दल सांगितलं होतं, आणि मी ते जिवंत जनावराला लावलं.

गाठ

आमचा खंडोबा नळदुर्गला मुक्कामी असतो त्या दिवसांत आमचं गाव थोडं रिकामं रिकामं वाटतं. थंडी होती. इलीला कुरवाळताना डाव्या कुशीवर, मागच्या पायाच्या थोडं पुढं, कातडीखाली बोराएवढं काहीतरी सरकलं. मी पुन्हा दाबून बघितलं. तिला दुखलं नाही. मी काट्याकडं बघितलं. नऊशे साठ ग्रॅम.

मी ठरवलं की ही चरबी आहे. म्हातारपणी माणसालाही पोट सुटतं.

पुढचे दोन-अडीच महिने मी आनंदात होतो, आणि हे लिहायला मला फार जड जातंय. नऊशे सत्तर. नऊशे नव्वद. ज्या सकाळी काट्यानं एक किलोचा आकडा ओलांडला, त्या दिवशी आलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाच्या हातावर मी खडीसाखर ठेवली. काय झालं म्हणून लोकांनी विचारलं. मी म्हणालो, आमची इली या वयात अंग धरतेय. लोक हसले आणि खडीसाखर तोंडात टाकून गेले.

गाठ वाढत होती म्हणून वजन वाढत होतं. मी गाठीच्या नावानं साखर वाटली.

त्याच दिवसांत गौरीला दिवस गेल्याला पाच महिने होत आले होते. ती रोज संध्याकाळी व्हिडिओ कॉल करायची आणि म्हणायची, इलीला दाखवा. गाठ आता चिकूएवढी झाली होती, केसांतून उचलून दिसायची. पोटुशा पोरीला असलं काही दाखवू नये, यावर शिवलीलाचं आणि माझं एका वाक्यात एकमत झालं. इतकं पटकन आमचं दुसऱ्या कशावर झाल्याचं आठवत नाही. मग मी इलीची उजवी बाजू फोनसमोर धरायचो. रोज उजवी बाजू. गौरी म्हणायची, "छान दिसतीय की." आणि मी म्हणायचो, "एक किलो भरली."

भंडारा

इलीच्या खोक्यात आम्ही कडब्याची कुट्टी अंथरायचो. आमच्याकडं जनावर म्हटलं की कडबा, त्यात विचार करण्यासारखं काही आहे असं कुणालाच वाटलं नाही. पण कुट्टीची टोकं टोचतात. गाठीवरची कातडी ताणून पातळ झालेली, ती त्यावर घासत राहिली, आणि एका सकाळी फुटली. पांढरट, चिकट, खवट तुपासारख्या वासाचं काहीतरी बाहेर आलं.

मी घाबरलो. शिवलीला घाबरली नाही. सहा वर्षांत पहिल्यांदा तिनं इलीला हातात घेतलं, देवघरातली खंडोबाच्या भंडाऱ्याची वाटी आणली आणि चिमटी चिमटीनं जखम भरून टाकली. तिच्या माहेरी बैलाच्या खांद्याला लावतात, माणसाच्या टाचेला लावतात. हळदच ती. इली पिवळीधमक झाली. चार दिवसांत वर कडक खपली धरली, वास गेला. शिवलीलाच्या चालण्यात ऐट आली. मला सुटल्यासारखं वाटलं.

त्या आठवड्यातल्या दुपारी मला आठवतात त्या स्वप्नासारख्याच. इली जास्त झोपायची, मीही. एकदा मला दिसलं की ती बैलाएवढी झालीय आणि करडईच्या पिवळ्या शेतातून शांतपणे चरत चाललीय, आणि मी तिच्या पाठीवर बसलोय. पाठ रुंद होती. कुठं जायचं हे तिला माहीत होतं. मी जागा झालो तेव्हा माझा हात तिच्या अंगावर होता, आणि अंग तापलेलं होतं.

काटा म्हणाला, एक किलो दहा ग्रॅम.

हलीमाबी

हलीमाबी आमच्या गल्लीच्या टोकाला शेळ्या पाळते. साबण घ्यायला आली होती. इली काट्यावरच होती. हलीमाबीनं कधी कुणाला विचारून काही केलेलं नाही. तिनं साबण खाली ठेवला आणि दोन बोटं इलीच्या कण्यावरून मानेपासून पाठीच्या टोकापर्यंत नेली, बाजारात शेळीवरून नेते तशी.

"भाई, इसकी तो हड्डी लगरी हाथ को," ती म्हणाली.

"एक किलो दहा आहे," मी म्हणालो.

"आकडे को मत देखो. ये सूख गई है. वजन इसका नै, गाठ का है." मग खपलीवर बोट ठेवलं. "और ये ऊपर से सूखा है. अंदर नरम है. दबाके देखो."

मी दाबलं नाही. माझा हात धजेना. माझ्या मागं दारात शिवलीला उभी होती. तिनं ऐकलं होतं. ती आत गेली, आणि बराच वेळ नळ चालू असल्याचा आवाज येत राहिला.

गाठीचं कळलं तो दिवस

गावातल्या सरकारी दवाखान्यातले डॉक्टर सज्जन माणूस. त्यांनी इलीला दोन्ही हातांवर घेऊन उजेडात धरलं आणि म्हणाले, "मामा, मी म्हशीचा डॉक्टर. हिला मी काही दिलं तर ते हिच्यावर प्रयोग केल्यासारखं होईल. तुम्ही सोलापूरला जा. आणि घरातली अँटिबायोटिकची गोळी चुरून देऊ नका. आपल्याला चालतं त्यातलं काही हिला मारून टाकतं."

माझ्या खिशात तशी एक गोळी होती. शिवलीलाच्या दाढदुखीतली उरलेली. दुपारी द्यायचं मी ठरवलं होतं. त्या माणसानं न दिलेल्या औषधानं इली वाचली, असं मी आजही मानतो.

सोलापूरला लहान जनावरांचा दवाखाना होता. बाकावर कुत्री, मांजरं, एक पोपट. डॉक्टरीण बाई तरुण होत्या. त्यांनी कोमट पाण्यानं खपली भिजवली, हळूच उचलली. खाली जे होतं त्याचं वर्णन करत नाही. शिवलीलानं नजर वळवली नाही. तिनं पदराचा बोळा तोंडाशी धरला होता, पण बघत राहिली.

"हळद कुणी लावली?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं. रागानं नाही.

"मी," शिवलीला म्हणाली.

"वरून बंद झालं आणि पू आतच राहिला. असं पुष्कळ लोक करतात." मग त्या माझ्याकडं वळल्या. गाठ बहुतेक वाईट जातीची नसावी. पण ती काढल्याशिवाय जखम मिटणार नाही. काढायची तर भूल द्यावी लागणार, आणि सहा वर्षांच्या, एवढ्या रोडावलेल्या गिनीपिगनं भुलीतून उठावंच अशी खात्री त्या देऊ शकत नव्हत्या. न काढली तर ताप, आणि फार तर दोन-तीन आठवड्यांचं आयुष्य.

मी म्हणालो, जरा विचार करतो. बाहेर पायरीवर येऊन बसलो. मला विचार करता येत नव्हता. रस्त्यावरची सगळी वाहनं आवाज बंद केल्यासारखी जात होती. शेजारी शिवलीला येऊन बसली.

"माडस्री," ती म्हणाली. करून घ्या.

"आणि उठली न्हाय तर?"

"भंडारा म्या लावला. आता जे व्हायचं ते म्या हितं बसूनच बघीन." मग थोडं थांबून म्हणाली, "गौरीला सांगायचं न्हाय पण."

मी मान हलवली. तेव्हासुद्धा हलवली. गौरी औषधशास्त्र शिकलेली, तिच्या ओळखीचे चार डॉक्टर, जनावर तिचं. आणि आम्ही दोघं म्हातारे पायरीवर बसून तिच्यापासून लपवायचं ठरवत होतो.

दीड तास लागला. मी बाकावर डोळे मिटून बसलो होतो. एका गोष्टीतून दुसरीत जात होतो: करडईचं शेत, मग आमचं दुकान पण त्याला छप्पर नाही, मग गौरी लहान, खडीसाखरेचं पोतं उघडून त्यात हात घालून बसलेली. कुणीतरी "इलीचे कोण?" म्हणून हाक मारली. मी दचकून उभा राहिलो आणि म्हणालो, "मी."

काढलेली गाठ एकशे वीस ग्रॅम भरली. मी मुद्दाम विचारलं होतं. बाकीची इली आठशे नव्वद. ज्या महिन्यांत मी साखर वाटत होतो, त्या महिन्यांत माझं जनावर सत्तर ग्रॅम झिजलं होतं.

मच्छरदाणी

घरी आणल्यावरचे दिवस अवघड होते, पण मला ते गोड आठवतात. कुट्टी गेली. त्या जागी जुन्या सुती लुगड्याच्या घड्या, पांढऱ्या, म्हणजे डाग पडला की लगेच दिसावा. रोज बदलायच्या, उकळायच्या. जखम दोनदा धुवायची, कोरडी ठेवायची. पहिले आठ-दहा दिवस ती स्वतःहून खाईना, तेव्हा डॉक्टरांनी दिलेली भुकटी पाण्यात कालवून सुई नसलेल्या सिरिंजनं गालाच्या कडेनं, थेंबाथेंबानं. या जनावराचं पोट थांबलं की जीवच थांबतो, असं आम्हाला बजावलं होतं. आणि त्याला सी जीवनसत्त्व बाहेरून लागतं, माणसासारखं. म्हणून ढोबळी मिरची, पेरूची फोड. ते कमी पडलं तर जखम भरत नाही. हे मला सहा वर्षं माहीत नव्हतं, आणि माझ्या दुकानासमोर पेरूची गाडी लागते.

सिरिंज शिवलीला धरायची. ती मांडी घालून बसायची, इलीला लुगड्यात गुंडाळायची आणि कानडीत काहीबाही पुटपुटत एकेक थेंब सोडायची. मी विचारलं, काय म्हणतेस? म्हणाली, "शिव्या देतीया."

फाल्गुन संपत आला होता, माश्या वाढल्या होत्या. जखमेवर माशी बसली तर अळी पडते, याची सगळ्यात जास्त भीती. एका दुपारी मी जेवून येतो तर इलीच्या लुगड्यावर छत्रीसारखी उघडलेली छोटी मच्छरदाणी. गौरीची, तिच्या तान्हेपणाची. ट्रंकेतून काढून, धुवून, एक फाटलेला कोपरा टाचून शिवलीलानं लावली होती. बाळासाठी काही आधी आणून ठेवू नये म्हणतात, म्हणून नवीन घेतलेली नव्हती; हीच बाळाला लावायची होती. मी तिच्याकडं बघितलं. ती म्हणाली, "बघता काय? माश्या बसत्यात."

त्या जाळीतून ऊन गाळून आत पडायचं. मी बाजूला चटईवर आडवा व्हायचो. इली श्वास घ्यायची आणि जाळी किंचित हलायची, निदान मला तसं वाटायचं. दहाव्या की अकराव्या दिवशी माझ्या तंद्रीत मला कुरकुर ऐकू आली. बराच वेळ मी ती स्वप्नातच ऐकत होतो. मग उठून बघितलं. ती पेरू खात होती. मी ओरडलो नाही. पुन्हा आडवा झालो आणि ऐकत राहिलो, आणि डोळ्यांतून पाणी कानात जात होतं.

गौरी आली

सातव्यात ती बाळंतपणाला आली. चपला काढायच्या आत इलीला उचललं, आणि डाव्या कुशीवरचा गुळगुळीत, केस न उगवलेला पट्टा तिच्या बोटांना लागला.

"हे काय?"

मी सगळं सांगितलं. खडीसाखरेसकट. ती उभ्यानंच ऐकत होती.

"थंडीत गाठ लागली. आणि मला तुम्ही रोज फोनवर उजवी बाजू दाखवत होता?"

"तुझी अवस्था—" शिवलीला म्हणाली.

"आई, माझ्या पोटात बाळ आहे. डोकं जागेवर आहे माझं." मग माझ्याकडं बघून, अगदी हळू, "अप्पा, बोराएवढी होती तेव्हा मला सांगितलं असतं तर अर्ध्या तासाचं काम होतं. तिला एवढं सोसायला लागलं नसतं."

ती दिवसभर आमच्याशी बोलली नाही. मला राग आला नाही. मला नुसती लाज वाटली. साठी उलटल्यावर लेकीसमोर लाज वाटणं ही फार शांत गोष्ट असते, तिच्यात भांडायला जागाच नसते.

दुसऱ्या दिवशी ती दुकानात येऊन माझ्याशेजारी बसली. म्हणाली, हलीमाबीकडून शिकून घ्या. मी शिकलो. आता सकाळी काट्याच्या आधी हात: मान, काखा, कणा, पोट, पायाचे तळवे. डोळे मिटून. डोळे मिटले की बोटांना जास्त कळतं, आणि डोळे मिटण्यात माझा हात धरणारं कुणी नाही. वजन अजून बघतो, पण ते शेवटी.

बारावा दिवस

मुलगी झाली. घरात शेगडी, ओव्याची धुरी, दुधाचा आणि तेलाचा वास. सगळं घर दिवसभर अर्धवट झोपेत. बाळ बारा दिवसांचं होतं त्या सकाळी शिवलीला आतल्या खोलीत पाय पसरून बाळाला तेल लावत होती, गौरी पलंगावर पडली होती, आणि मी उंबऱ्याशी बसून इलीवरून हात फिरवत होतो. मान. डावी काख. उजवी काख.

तिथं हरभऱ्याच्या डाळीएवढं काहीतरी सरकलं.

मी बोट तिथंच ठेवलं. धुरीचा धूर उन्हात हळूहळू वर चढत होता. एवढंसं आहे, मला वाटलं. कदाचित नसेलच. चरबी असेल. पेरू जास्त झाले असतील. त्या क्षणी मला सगळं जग फार मऊ आणि दूरचं वाटत होतं, आणि तसंच राहू द्यावं असं वाटत होतं.

मी डोळे उघडले तर शिवलीला माझ्याकडं बघत होती. चाळीस वर्षांच्या संसारात तिला माझा चेहरा वाचायला काटा लागत नाही. तिचे तेलाचे हात बाळाच्या पाठीवर थांबले होते. तिनं गौरीकडं एक नजर टाकली आणि मला ऐकू येईल एवढ्याच आवाजात म्हणाली, "आत्ता न्हाय. ओली बाळंतीण हाय ती. सव्वा महिना होऊ द्या."

ते मायेनंच होतं. मला ते माहीत आहे. मलाही तेच हवं होतं.

"गौरी," मी हाक मारली. "उठता येतंय का बघ. इकडं ये जरा."

ती हळूहळू, भिंत धरून आली आणि माझ्याशेजारी खाली बसली. मी तिचं बोट धरलं आणि इलीच्या उजव्या काखेत नेऊन ठेवलं.

"इथं," मी म्हणालो. "आत्ताच लागली. तुला पहिल्यांदा सांगतोय."

तिनं डोळे मिटून चाचपलं. बराच वेळ. मग "आहे, अप्पा," म्हणाली, आणि माझा हात सोडला नाही.